खाम नदीकाठचं इको पार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले की त्यांना वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा दाखवायची पद्धत आहे. नदी कुणी दाखवत नाही. शहरातून नदी वाहते हेच कित्येकांच्या गावी नसतं. गेल्या काही वर्षांत खाम नदीच्या काठी इको पार्क उभं राहिलं आणि लोक पुन्हा नदीकडे यायला लागले. सकाळी फिरायला येणाऱ्यांकडून, मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांकडून आणि बाहेरगावच्या पाहुण्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हे पार्क नेमकं कुठे आहे?

छावणी भागात, लोखंडी पुलाजवळ, खाम नदीच्या पात्राला लागून. रिक्षावाल्याला नुसतं ‘इको पार्क’ म्हटलं तर दहा प्रश्न विचारेल. ‘छावणी, लोखंडी पूल’ म्हणा, बरोबर आणून सोडेल. पाणचक्की आणि बीबी का मकबराही याच बाजूला आहेत, त्यामुळे तिन्ही ठिकाणं एका सकाळीत आरामात होतात.

खरं सांगा, ही नदी आहे की नाला?

नदीच. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. चाळिशीच्या आतल्या माणसाने खाम पाहिली ती काळी आणि फेसाळच पाहिली.

खाम शहराच्या उत्तरेला जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावते. हर्सूलचा तलाव याच नदीवर आहे. तिथून ती शहरात शिरते, जुन्या शहराच्या पश्चिम अंगाने वाहत छावणी ओलांडते आणि पुढे दक्षिणेला गोदावरीच्या दिशेने जाते. शहराच्या पूर्वेला चिकलठाण्याकडून जाणारी सुखना ही दुसरी नदी. या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आपलं जुनं शहर वसलेलं आहे.

मराठवाड्यातल्या छोट्या नद्यांचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. आपल्याकडे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाली काळा बेसाल्ट, म्हणजे दख्खनच्या पठाराचा तोच लाव्हाचा खडक. तो पाणी फार धरून ठेवत नाही. जे मुरतं ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. त्यामुळे अशी नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहायची, हिवाळ्यात तिची धार बारीक व्हायची आणि उन्हाळ्यात डोहांपुरतं पाणी उरायचं. मे महिन्यातही शहरातल्या खामेला धार दिसते ती तुमच्याआमच्या घरांतून आलेल्या सांडपाण्याची असते. नदी बारमाही झाली म्हणून आनंद मानण्यासारखं त्यात काही नाही.

पार्क कोणी केलं?

2021 च्या सुमारास खाम नदी पुनरुज्जीवन मोहीम सुरू झाली. महानगरपालिका, छावणी परिषद, व्हेरॉक फाउंडेशन आणि इकोसत्त्व या संस्था त्यात आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी हातमोजे घालून कचरा उचलणारे नागरिकही आहेत. पार्क हा या मोहिमेचा डोळ्यांना दिसणारा भाग. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या रॉस सेंटरतर्फे शहरांसाठी जो पुरस्कार दिला जातो, त्याच्या 2023-24 च्या फेरीत ही मोहीम जगभरातल्या अंतिम पाच प्रकल्पांत पोचली होती. आपल्या शहरातल्या फार थोड्या लोकांना हे माहीत आहे.

वेळ आणि तिकीट?

वेळा ऋतूप्रमाणे आणि कार्यक्रमांप्रमाणे बदलतात. प्रवेशद्वारावरच्या फलकावर असेल तेच खरं.

पावसाळ्यात पाणी फिरायच्या वाटेवर येतं. काम निकृष्ट झालंय का?

नाही. पाणी वर यावं म्हणूनच ती जागा मोकळी ठेवलेली आहे. हे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण नदीकाठच्या उद्यानाबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज इथेच आहे.

नदी म्हणजे आपल्याला आज दिसते तेवढीच पाण्याची पट्टी नव्हे. तिच्या दोन्ही बाजूंना एक सखल पट्टा असतो. मोठा पाऊस झाला की पाणी तिथे पसरतं, त्याचा वेग कमी होतो, गाळ खाली बसतो, काही पाणी जमिनीत मुरतं आणि मग पूर ओसरतो. हा पट्टाही नदीच्याच मालकीचा. शहरं वाढली तसं आपण तिथे भराव टाकला, टपऱ्या टाकल्या, प्लॉट पाडले. वरच्या बाजूला गल्ल्यांत काँक्रीट आणि अंगणात फरशी आली. पूर्वी जे पाणी तासन्‌तास झिरपत नदीला यायचं, ते आता काही मिनिटांत धाडकन येतं. पात्र अरुंद झालेलं आणि पाणी मात्र वाढलेलं. मग ते घरांत शिरतं, आणि वर्तमानपत्रात बातमी येते की नदीने हाहाकार माजवला.

काठावर इमारतीऐवजी उद्यान असेल तर पूर आल्यावर फार फार तर बाकांना चिखल लागतो आणि दोन दिवस फिरणं बंद राहतं. एवढी किंमत फारच थोडी आहे. माझं स्पष्ट मत आहे की नदीकाठच्या पार्कमध्ये पक्कं बांधकाम जितकं कमी तितकं चांगलं. कोणी तिथे खाद्यपदार्थांचं संकुल किंवा वाहनतळ सुचवलं तर नागरिकांनी ठामपणे नाही म्हणावं.

तेव्हा जोराच्या पावसात पार्कमध्ये जाऊ नका. वर हर्सूल-जटवाड्याकडे आभाळ काळं दिसत असेल तर इकडे ऊन असलं तरी पात्राजवळ थांबू नका. पाणी वरून येतं आणि अंदाज न देता वाढतं.

काठाला सरळ काँक्रीटची भिंत बांधून मोकळं का होत नाहीत? स्वच्छ तरी दिसेल.

भिंत बांधली की पाणी आणखी जोराने पुढे पळतं आणि खालच्या वस्तीत जाऊन घुसतं. आपल्यापुरता प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, त्रास मात्र शेजाऱ्याच्या दारात जातो.

दुसरंही कारण आहे. खंड्या आणि वेडा राघू हे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत. ते मातीच्या उभ्या दरडीत चोचीने बोगदा कोरतात आणि आत शेवटी अंडी घालतात. काठ सिमेंटचा झाला की त्यांचं घर गेलं. दगड रचून केलेल्या काठात फटी राहतात, त्यांतून गवत उगवतं, बेडूक आणि खेकडे राहतात, पाणी दोन्हीकडे झिरपतं. पार्कमध्ये फिरताना एकदा खाली वाकून अशी एखादी फट बघा. ओली माती, शेवाळ, एखादी गोगलगाय आणि तिथेच पाय रोवून उभं राहिलेलं उंबराचं बोटभर रोप, हे सगळं वीतभर जागेत सापडतं.

वास का येतो? आणि कायमचा कधी जाईल?

पाण्यात मैला आणि खरकटं मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांना प्राणवायू लागत नाही, पण त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो त्याचा.

आंघोळीलायक नदीचा निकष असा आहे की एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायू मागणी 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. ही मागणी म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागेल त्याचं माप. ती जितकी जास्त, तितकं पाणी घाण.

वास कधी जाईल याचं उत्तर पार्कमध्ये मिळणार नाही. ज्या दिवशी सांडपाण्याची प्रत्येक वाहिनी नदीऐवजी शुद्धीकरण केंद्राकडे वळेल, त्या दिवशी जाईल. झाडं लावून, कारंजं बसवून किंवा सुगंधी द्रव फवारून वास जात नसतो. पण एक गोष्ट मी दर वर्षी अनुभवतो. पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेले की पात्र धुऊन निघतं आणि काही आठवडे नदीला ओल्या मातीचा, गवताचा वास येतो. ज्यांना नदी घाणेरडीच असते असं वाटतं त्यांनी ऑगस्टमध्ये एकदा यावं.

पाण्यावर हिरवा गालिचा दिसतो तो चांगला ना?

अजिबात नाही. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ती माजते, सूर्यप्रकाश अडवते आणि मेली की कुजून उरलासुरला प्राणवायूही खाते. काढून काठावरच टाकली तर पावसात परत पात्रात जाते, म्हणून ती दूर नेऊन खत करावी लागते. पाणकणसाची गोष्ट वेगळी. लांब पात्यांची, तपकिरी कणसं येणारी ही वनस्पती काठालगत उभी असेल तर असू द्यावी. तिच्या मुळांभोवतीचे जिवाणू पाणी थोडंफार शुद्ध करतात आणि पाणपक्ष्यांना तिचा आडोसा मिळतो. अख्खं पात्र तिने भरलं तर मात्र ती विरळ करावी लागते.

इथे कोणती झाडं पाहायला मिळतात? आम्हाला लावायची असतील तर?

नदीकाठचं झाड वेगळं असतं. त्याला चार दिवस पाय पाण्यात बुडवून उभं राहता आलं पाहिजे आणि आठ महिने कोरड्यातही तग धरता आला पाहिजे. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज ही आपल्या काठांची मूळची मंडळी. करंजाची मुळं काठाची माती धरून ठेवतात. वाळुंजाची तर नुसती फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते. थोडं वर, कोरड्या जागी कडुलिंब, बाभूळ, पळस, बोर, शिंदी.

उंबराकडे जरूर लक्ष द्या. त्याला वर्षातून कित्येकदा फळं येतात. बाकी झाडं रिकामी असतात तेव्हाही बुलबुल, तांबट, कोकीळ, वटवाघळं यांना त्यावर खायला मिळतं. एक उंबर म्हणजे पाखरांचं बारमाही अन्नछत्रच.

झाड लावायचं असेल तर परस्पर खड्डा करून काहीही लावू नका, आधी पार्कच्या माणसांना विचारा. वाढदिवसाच्या हौसेने लोक गुलमोहर, सप्तपर्णी किंवा शोभेची ताडाची झाडं घेऊन येतात. काठाला त्यांचा काही उपयोग नाही. सुबाभूळ तर नकोच. ती एकदा आली की शेंगांतून इतकी पसरते की दुसऱ्याला जागा देत नाही. गाजरगवत आणि बेशरमाचं झुडूप दिसलं तर फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा, पण हातमोजे घालून. गाजरगवताने अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

पक्षी कोणते दिसतात?

एवढ्या गजबजलेल्या भागात इतके पक्षी कसे, असं नव्याने येणाऱ्याला वाटतं. नदी हा त्यांचा हमरस्ता आहे म्हणून.

वर्षभर दिसणाऱ्यांत खंड्या, वंचक, गायबगळा, पाणकावळा, टिटवी, कोतवाल, वेडा राघू, सुगरण. वंचक म्हणजे काठावर मातकट रंगाचा, मान आखडून बसलेला बगळा. दगड समजून आपण पुढे जातो आणि तो उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात. पाणकावळा दगडावर पंख पसरून उभा दिसला तर तो आजारी नसतो. त्याची पिसं बदकासारखी पाणी पूर्ण झटकून टाकत नाहीत, म्हणून बुडी मारून आल्यावर त्याला वाळवण घालावं लागतं.

शेकाट्या पाहिल्याशिवाय मात्र परत जाऊ नका. शरीर पांढरं, पंख काळे, चोच सुईसारखी सरळ आणि पाय लालगुलाबी, इतके लांब की उडताना शेपटीच्या मागे लोंबतात. उथळ पाण्यात हा अगदी हळू पाऊल उचलतो, चोच तिरकी करून चिखलाच्या वरच्या थरातून अळ्या टिपतो, आणि दुसरा शेकाट्या फार जवळ आला की किक्-किक् करत दोघं एकमेकांवर धावून जातात. तो घाण पाण्यातही राहू शकतो. त्यामुळे शेकाटे खूप दिसले म्हणजे नदी सुधारली असं समजू नये. उलट खंड्याला मासा दिसायला थोडं तरी नितळ पाणी लागतं. तो पाण्यावरच्या फांदीवरून नेम धरून बुडी मारताना वारंवार दिसू लागला तर आशेला जागा आहे. एकच अडचण, हा पठ्ठ्या नाकतोडे आणि सरडेही खातो, म्हणून नुसता बसलेला दिसला तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. पाण्यात सूर मारतो का ते पाहा.

हिवाळ्यात, ऑक्टोबरपासून साधारण मार्चपर्यंत, पाहुणे येतात. काठाकाठाने शेपूट वरखाली हलवत तुरुतुरु पळणारा धोबी आणि तसंच मागचं अंग नाचवणारी तुतवार ओळखायला सगळ्यांत सोपी.

टिटवीबद्दल एक विनंती. ती घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांच्या मध्ये अंडी घालते. चार अंडी, मातीच्या रंगाची, काळसर ठिपक्यांची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. उन्हाळ्यात टिटवी तुमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली तर समजा की अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. मोबाइल काढू नका, आल्या पावली मागे फिरा. तुम्ही तिथे थांबलात तेवढा वेळ अंडी उन्हात तापत राहतात.

दुर्बीण लागते का?

सुरुवातीला नाही. पुढे आवड लागली तर 8 × 42 ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची.

फुलपाखरं?

पावसाळ्याच्या शेवटी भरपूर. रुईचं झुडूप कोणी ‘रान’ म्हणून उपटायला निघालं तर अडवा. नारिंगी पंखांचं प्लेन टायगर रुईवर आणि तिच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं, त्याच्या सुरवंटाला दुसरं काही चालत नाही. कढीलिंब आणि लिंबाच्या झाडावर लाइम बटरफ्लाय येतं. त्याची छोटी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवी होते. हे सगळं घरच्या कुंडीतही पाहता येतं.

डास फार असतात का? मुलांना घेऊन यावं का?

मुलांना घेऊन नक्की या, पण अंधार पडायच्या आत निघा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. घाण, साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास होतात. चतुर आणि त्याचा बारीक अंगाचा भाऊबंद टाचणी, या कीटकांची पिल्लं पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात, छोटे मासेही करतात. पाण्यातला प्राणवायू संपला की हे सगळे आधी मरतात, डासाची अळी मात्र शेपटीकडच्या नळीने वरच्या हवेतून श्वास घेते म्हणून टिकते. नदी घाण झाली की डास वाढतात त्यामागचं गणित हे असं आहे.

मुलांना नुसतं ‘पळू नको, हात लावू नको’ करण्यापेक्षा एखादं काम द्या. एकाच दगडाचा फोटो दर महिन्याला त्याच जागेवरून काढायला सांगा आणि पाणी कुठपर्यंत आहे ते वहीत लिहायला लावा. जून ते जून असं वर्ष झालं की त्या मुलाला नदी जितकी कळलेली असेल तितकी मोठ्यांनाही कळलेली नसते. पाचवी-सहावीच्या शाळांनी हे करायलाच हवं.

पाण्यात उतरता येतं? मासे धरता येतात?

नाही. वर वासाच्या उत्तरात आंघोळीलायक पाण्याचा निकष दिलाय, तो वाचा. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात चिखलापासूनही लांब राहा, लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो.

साप दिसला तर?

थांबा, मागे सरका, त्याला जाऊ द्या. नदीकाठी बहुतेक वेळा दिवड किंवा धामण दिसते, दोन्ही बिनविषारी. दिवड चिडकी असते, चावतेही, पण विष नाही. तरीही ओळखण्याच्या भानगडीत पडू नका, कारण आपल्या भागात नाग, मण्यार आणि घोणस तिन्ही आहेत. मदतीसाठी वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. कोणाला साप चावलाच तर थेट शासकीय रुग्णालय घाटी गाठायचं; जखम कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही.

पक्ष्यांना, माशांना खायला घालावं का?

नको. पाव, कुरकुरे, पोहे पाण्यात पडले की तेही कुजतात, आणि प्राणवायू पुन्हा घटतो. पुण्य कमवायचं असेल तर घराच्या गच्चीवर उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा.

निर्माल्य आणि जुन्या तसबिरींचं काय करायचं?

श्रद्धेचा विषय आहे, म्हणून जपून लिहितो. आपल्या आजीने नदीला हार वाहिला तो झेंडूचा, सुती दोऱ्यात ओवलेला. तो आठवड्यात मातीला मिळायचा. आपण वाहतो ती प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात थर्माकोलचं मखर, जरीचा हार आणि काचेची तसबीर. भाव तोच असला तरी पुढे नदीच्या पोटात काय होतं ते वेगळं आहे. फुलं निर्माल्य कलशात द्या किंवा घरच्या तुळशीच्या कुंडीत मुरवा. गणपती शाडूचा आणला तर घरी बादलीत विरघळतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचा विरघळत नाही. गणेशोत्सवात ठिकठिकाणी कृत्रिम हौद असतात, तिथे विसर्जन करा. पुलावरून पिशवी भिरकावणाऱ्याला हात जोडून अडवा; बहुतेक जण ऐकतात, हा अनुभव आहे.

खामेचा आणि पाणचक्कीचा काय संबंध? ती चक्की नदीच्या पाण्यावर चालायची का?

इथेच बहुतेक गाइडसुद्धा घसरतात. पाणचक्की खामेच्या काठावर आहे, पण ती खामेच्या पाण्यावर चालत नव्हती.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी गावी हे शहर वसवलं. वस्तीला पाणी हवं होतं, आणि वर सांगितलं तशी इथली नदी उन्हाळ्यात आटणारी. त्याने डोंगरातल्या भूजलाचा माग काढला आणि जमिनीखालून नहर, म्हणजे पाण्याचा कालवा, आणली. हीच नहर-ए-अंबरी. पाणी उताराने, गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर शहरात येई. पुढच्या काळात तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या.

पाणचक्कीचं पाणीही असंच डोंगरातल्या झऱ्यातून मातीच्या नळांनी आणलेलं आहे. ते आधी एका उंच भिंतीवर चढवलं जातं आणि तिथून हौदात कोसळतं. चढवायला पंप नाही. उगमाची जागा भिंतीपेक्षा उंच, म्हणून बंद नळातलं पाणी आपोआप वर येतं. खाली पात्यांचं चाक, त्यावर पाण्याचा झोत, आणि चाकाच्या आसाला जोडलेलं वरचं जातं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी इथे पीठ दळलं जायचं. मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचं छत आहे. मे महिन्यात त्या दालनात जाऊन उभं राहा, डोक्यावर पाणी असल्याचा गारवा लगेच जाणवतो.

म्हणजे शहराने पिण्याचं पाणी डोंगरातून घेतलं आणि नदीला तिच्या जागी राहू दिलं. शेजारचा महमूद दरवाजा, पुढचा मकाई दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा हे पुलांना लागून उभे आहेत, त्या पुलांखालून खाम जाते. शहरात शिरणाऱ्याला आधी नदी ओलांडावी लागे. पुलावर गाडी बाजूला लावून कमानी पाहा आणि त्या काळच्या माणसांनी पुरासाठी किती जागा सोडली होती तेही पाहा.

जोडून आणखी काय पाहता येईल?

दिल्ली दरवाजाजवळचं सलीम अली सरोवर. त्याचं जुनं नाव खिजरी तलाव, पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (1896–1987) यांच्या नावाने ते आता ओळखलं जातं. समोरच हिमायत बाग, मुघलकालीन बाग, आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र. आंब्याच्या दिवसांत तिथे गेलात तर रिकाम्या हाताने परत येणार नाही. उत्तरेला हर्सूल तलाव. शक्य असेल तर हर्सूलपासून सुरुवात करून नदीच्या दिशेनेच खाली या. वरचं पाणी आणि खालचं पाणी एकाच दिवशी पाहिलं की मधल्या काही किलोमीटरमध्ये शहराने नदीचं काय केलं ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही सिडकोत राहतो, खाम आमच्या बाजूला नाही. आमचा काय संबंध?

तुमच्या नळाला पाणी जायकवाडीचं येतं ना? पैठणला गोदावरीवर धरण आहे, 27 दरवाजांचं. 1976 मध्ये ते पूर्ण झालं आणि त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर. 1986 पासून तो पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. जवळजवळ अख्ख्या शहराची तहान त्यावर भागते. खाम गोदावरीची उपनदी आहे आणि शहरातून जाताना जे काही उचलते ते घेऊन त्याच खोऱ्यात उतरते. जे आपण खामेत सोडतो त्याचा काही अंश गोदावरीच्या वाटेने आपल्याच पाण्यात येणार, मग तो शुद्ध करायला आपल्याच करातून पैसे जाणार. खामेवर झालेला खर्च हा छावणीपुरता खर्च नाही.

वाढदिवस, लग्नाआधीचे फोटो चालतात का?

फोटो काढा. फुगे फोडणं, रंगीत कागदाच्या तुकड्यांच्या नळकांड्या, फोमचे फवारे हे करू नका. ते चकचकीत तुकडे गवतातून वेचणं अशक्य असतं, वाऱ्याने सगळे पात्रात जातात.

कुत्र्याला आणता येईल?

साखळीत. काठावर मोकळं सोडू नका, टिटवीची पिल्लं जमिनीवर असतात.

फिरायला येण्यापलीकडे आम्ही नदीसाठी काय करू शकतो?

सगळ्यांत आधी आपल्या घराचं सांडपाणी कुठे जातं ते शोधा. सोसायटीच्या सचिवाला विचारा, जोड भूमिगत गटाराला आहे की पावसाळी नालीला. बऱ्याच ठिकाणी पावसाळी नालीला असतो आणि कोणालाच पत्ता नसतो. ती नाली थेट नदीत जाते. अशी एक इमारत जरी योग्य वाहिनीला जोडली गेली तरी वर्षभराच्या कचरा उचलण्यापेक्षा नदीवर मोठा उपकार होतो. महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मग छतावरचं पावसाचं पाणी बोअरशेजारी मुरवा. अंगणात पूर्ण फरशी न घालता थोडी माती उघडी ठेवा. आणि मोहिमेच्या स्वच्छतेच्या सकाळी एकदा येऊन बघा. गाळातून निघालेल्या गोष्टींत दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि जुनी चादर हमखास असते, हे एकदा हाताने काढलं की माणूस पिशवी भिरकावत नाही.

कोणी कचऱ्याची गाडी पात्रात रिकामी करताना दिसलं तर?

वाद घालू नका, एकट्याने तर मुळीच नको. गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ दिसेल असा फोटो लांबून काढा आणि महानगरपालिकेच्या तक्रार कक्षाकडे त्याच दिवशी पाठवा. बांधकामाचा राडारोडा असेल तर तसं स्पष्ट लिहा. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्याने त्याच जागी जाऊन दुसरा फोटो काढून त्याच क्रमांकाला जोडा.